वकिलांच्या कार्यालयातून तुमची माहिती चोरीला गेली, तर कायद्याने काय करता येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉ फर्मवर सायबर हल्ला झाला की बातमी फर्मच्या नावाने येते. ज्यांची माहिती गेली, त्या माणसांच्या वाट्याला दोन पानी पत्र येतं. पुढचे प्रश्न त्या माणसांचे आहेत. कायदा देशागणिक बदलतो, म्हणून फरक महत्त्वाचा आहे तिथे युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्याबद्दल वेगळं लिहिलं आहे. तुमच्या प्रकरणापुरता सल्ला मात्र कागदपत्रं पाहिलेल्या वकिलाकडूनच घ्या.

मी या फर्मचं नावही कधी ऐकलेलं नाही. मग पत्र मला का आलं?

बहुतेकांना पहिल्यांदा हाच प्रश्न पडतो, आणि बरेच जण इथेच पत्र फाडून टाकतात. तसं करू नका.

लॉ फर्मच्या सर्व्हरवर अशिलांइतकीच, पुष्कळदा त्याहून जास्त, इतरांची माहिती असते. कामगारांच्या वादात फर्म कंपनीच्या बाजूने उभी असेल तर कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या नोंदी तिच्याकडे येतात. उपचारांतल्या निष्काळजीपणाच्या दाव्यात रुग्णाचे रिपोर्ट रुग्णालयाच्या वकिलाकडे जातात. घटस्फोटात समोरच्याचे बँकेचे उतारे, वारसाच्या भांडणात सगळ्या भावंडांचे दाखले, फौजदारी खटल्यात साक्षीदारांचे पत्ते. यांतल्या कोणीही त्या वकिलाला फी दिलेली नसते आणि कोणालाही कुणी संमती विचारलेली नसते.

अमेरिकेतल्या ऑरिक, हेरिंग्टन अँड सटक्लिफ या मोठ्या फर्ममधली चोरी २०२३ मध्ये उघडकीस आली. सुमारे ६ लाख ३८ हजार लोकांची माहिती त्यात गेली. त्यांत दातांच्या आणि डोळ्यांच्या विमा योजनांचे सदस्य मोठ्या संख्येने होते. ही फर्म इतर कंपन्यांना त्यांच्याकडच्या डेटा चोरीच्या प्रकरणांत सल्ला देत होती, त्या कामासाठी ही माहिती तिच्याकडे आली होती. म्हणजे काही लोकांची माहिती एकदा कंपनीकडून गेली आणि मग तीच निस्तरायला नेमलेल्या वकिलांकडूनही गेली.

तुम्ही अशील नसलात तरी तुमचे हक्क बुडत नाहीत. डेटा संरक्षणाचे कायदे ज्याची माहिती आहे त्याला हक्क देतात. फी कोणी भरली हे ते पाहत नाहीत. करारभंग आणि वकिलाच्या कर्तव्यातली कसूर, हे दोन दावे मात्र बहुतेक ठिकाणी अशिलालाच करता येतात.

पत्र खरं आहे की तेच फसवणुकीचं जाळं आहे?

पत्रातल्या लिंकवर किंवा फोन नंबरवर जाऊ नका. फर्मची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा, तिथला नंबर लावा आणि पत्राचा संदर्भ क्रमांक सांगून खात्री करा. अशी घटना जाहीर झाली की भामटेही त्याच नावाने पत्रं आणि ईमेल पाठवतात. खरं पत्र तुमच्याकडे पासवर्ड, ओटीपी किंवा ‘नोंदणी शुल्क’ मागत नाही.

बँकेतून किंवा दुकानातून माहिती जाते, त्यापेक्षा हे वेगळं कसं?

कार्ड बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो. पण पोटगीच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं, लैंगिक अत्याचाराच्या जबाबात सांगितलेलं, आश्रयाच्या अर्जात नोंदवलेलं, मृत्युपत्रात कुणाला वगळलं आणि का वगळलं ते, यातलं काहीच बदलता येत नाही. माणूस वकिलाला डॉक्टरपेक्षाही जास्त सांगतो, कारण ते गुप्त राहील असा शब्द त्याला कायद्यानेच दिलेला असतो.

त्यामुळे ‘आम्ही तुम्हाला एक वर्ष क्रेडिट मॉनिटरिंग मोफत देतो’ हे उत्तर अशा प्रकरणात अपुरं आहे. कुणी तुमच्या नावाने कर्ज काढलं तर ती सेवा तुम्हाला सावध करील. तुमचा पत्ता ज्याच्यापासून लपवला होता त्यालाच तो मिळाला, तर या सेवेचा काडीचाही उपयोग नाही. भरपाई मागताना हा फरक ठासून मांडायला हवा.

पहिल्या काही दिवसांत काय करावं?

पुरावा जपा. पत्र, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, ईमेल, फर्मच्या वेबसाइटवरच्या सूचनेचा स्क्रीनशॉट, सगळं तारखेसह ठेवा. ती सूचना नंतर बदलली किंवा काढली जाऊ शकते. संशयास्पद फोन, नको ते व्यवहार, बँकेत घालवलेला वेळ, केलेला खर्च यांची एक वही उघडा. पुढे भरपाईचा आकडा ठरवताना ही वही इतर कोणत्याही कागदापेक्षा कामाला येते, आणि ती मागाहून आठवून लिहिली की तिचं वजन अर्ध्यावर येतं.

त्यासोबत पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी सुरू करा, बँकेला कळवा. अमेरिकेत राहत असाल तर तिन्ही मोठ्या क्रेडिट संस्थांकडे क्रेडिट फ्रीज करा, म्हणजे तुमच्या नावाने नवं कर्ज कुणाला काढता येऊ नये म्हणून नोंद गोठवा. २०१८ पासून ते मोफत आहे. पैसे गेले असतील तर पोलिसांत तक्रार लगेच नोंदवा. भारतात १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे आणि पहिल्या काही तासांत केलेल्या फोनने पैसे अडवले जाण्याची शक्यता वाढते.

तुमच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, म्हणजे छळ करणाऱ्या जोडीदारापासून लपलेला पत्ता, साक्षीदार म्हणून दिलेली ओळख असं काही असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी पोलिसांकडे आणि ज्या न्यायालयात प्रकरण आहे तिथे जा.

फर्मने मला किती दिवसांत कळवायला हवं होतं?

युरोपीय संघात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यानुसार आणि ब्रिटनमध्ये त्याच धर्तीच्या कायद्यानुसार डेटा संरक्षणाच्या नियामकाला ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि धोका मोठा असेल तर तुम्हालाही विनाकारण उशीर न करता. अमेरिकेत पन्नासही राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत, त्यांच्या मुदतीही वेगवेगळ्या. भारतात कंपन्यांनी आणि संस्थांनी सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी असा निर्देश एप्रिल २०२२ पासून आहे. पण ती सूचना सरकारी यंत्रणेला जाते, तुम्हाला नाही.

वकिलांच्या आचारसंहितेचं बंधन याहून वेगळं. अमेरिकन बार असोसिएशनने २०१८ मध्ये मत क्रमांक ४८३ दिलं. चालू अशिलाच्या माहितीला धक्का लागला असेल तर वकिलाने त्याला सांगितलंच पाहिजे, असं ते म्हणतं. जुन्या अशिलाबाबत मात्र आचारसंहितेतून तसं बंधन काढायला समितीने नकार दिला. मला हा भेद पटत नाही; दहा वर्षांपूर्वी संपलेल्या खटल्यातलं गुपित आज उघड झालं तर दुखापत तेवढीच होते. जुन्या अशिलांनी त्यामुळे राज्याच्या सूचना कायद्याचाच आधार घ्यावा.

उशीर हा स्वतंत्र मुद्दा आहे. ब्रिटनच्या नियामकाने २०२५ मध्ये डीपीपी लॉ या फर्मला ६० हजार पौंडांचा दंड ठोठावला, तेव्हा घटना ४३ दिवसांनी कळवली हाही ठपका होता. अशिलांची माहिती डार्क वेबवर, म्हणजे नेहमीच्या सर्च इंजिनला न दिसणाऱ्या इंटरनेटच्या भागात, पडल्याचं त्या फर्मला बाहेरून, पोलीस यंत्रणेकडून कळलं होतं.

फर्मकडून मला काय मागता येतं?

‘तुमची काही माहिती प्रभावित झाली असू शकते’ या वाक्यावर समाधान मानू नका. लेखी विचारा: माझी नेमकी कोणती कागदपत्रं गेली? ती तुमच्याकडे कोणत्या प्रकरणातून आली? प्रकरण संपल्यावरही का ठेवली होती? चोरांनी ती कुठे प्रसिद्ध केली आहेत का?

युरोप आणि ब्रिटनमध्ये आपल्याबद्दलची माहिती पाहण्याचा हक्क आहे आणि उत्तर साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. वकिली गोपनीयतेखाली येणारा भाग फर्म रोखू शकते. तिसरा प्रश्न सोडू नका. कित्येक फर्म जुन्या फायली वर्षानुवर्षं काढून टाकत नाहीत, आणि जी माहिती ठेवायचं कारणच उरलं नव्हतं तिच्या चोरीचा बचाव करणं फर्मला जड जातं.

फर्म म्हणते, ‘आम्हीही गुन्ह्याचे बळी आहोत.’ मग जबाबदार कोण?

हल्लेखोर आणि फर्म, दोघंही. लंडनच्या टकर्स सॉलिसिटर्स या फर्मवर ऑगस्ट २०२० मध्ये रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला. न्यायालयीन कागदपत्रांचे ६० संच डार्क वेबवर टाकले गेले. मुख्य दोष हल्लेखोरांचा, हे नियामकाने मान्य केलं आणि तरीही २०२२ मध्ये ९८ हजार पौंडांचा दंड केला. दूरून प्रवेश करताना दुहेरी पडताळणी नव्हती. सुरक्षेतल्या एका ज्ञात त्रुटीवरची दुरुस्ती उपलब्ध होऊनही पाच महिने बसवली गेली नव्हती. फौजदारी प्रकरणांची संवेदनशील कागदपत्रं एन्क्रिप्ट न करता, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलता, ठेवलेली होती.

तुमच्या दाव्याचा कणा हाच आहे. चोरी झाली, एवढ्याने फर्म दोषी ठरत नाही. वाजवी काळजी घेतली होती का, हे पाहिलं जातं. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ च्या बल्गेरियातल्या एका प्रकरणात हेही ठरवून दिलं की सुरक्षा पुरेशी होती हे माहिती बाळगणाऱ्याने सिद्ध करायचं असतं.

नियामकाकडे तक्रार केली तर मला पैसे मिळतील का?

सहसा नाही. दंड सरकारी तिजोरीत जातो. ब्रिटनचा डेटा नियामक भरपाई देऊ शकत नाही. ती न्यायालयातून मिळवावी लागते. तरी तक्रार करावी, कारण नियामकाला फर्मकडून तपशील मागवता येतो आणि दोष ठेवणारा त्याचा निर्णय तुमच्या दाव्याला मोठा आधार ठरतो.

वकिलांच्या नियामक संस्थेकडे, म्हणजे बार काउन्सिल किंवा ब्रिटनमधल्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे, व्यावसायिक वर्तनाची तक्रार वेगळी करता येते. वकिलांच्या सेवेविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ब्रिटनमधल्या लीगल ओंबड्समनकडे सर्वसाधारणपणे अशीलच जाऊ शकतो.

मी त्यांचा अशील आहे. माझी बाजू जास्त भक्कम आहे का?

हो, बरीच. तुमच्याकडे करार आहे. वकिलाचं तुमच्याशी विश्वासाचं नातं कायद्याने मान्य आहे आणि गोपनीयता राखणं ही त्याची व्यावसायिक जबाबदारी आहे.

ग्वो वेंगुई या चिनी उद्योजकाने अमेरिकेत आश्रय मागण्यासाठी क्लार्क हिल ही फर्म नेमली होती. आपल्यावर सायबर हल्ले होतील असा इशारा आपण फर्मला आधीच दिला होता, असं त्याचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये हल्ला झाला आणि त्याची खासगी माहिती इंटरनेटवर पसरली. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने २०२० मध्ये करारभंगाचा आणि वकिली कर्तव्यातल्या कसुरीचा दावा पुढे चालू दिला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी महत्त्वाचा आदेश दिला. हल्ल्याच्या तपासाचा फॉरेन्सिक अहवाल गोपनीय म्हणून फर्मला रोखून धरायचा होता. न्यायालयाने तो द्यायला लावला, कारण असा अहवाल खटला नसता तरी कामकाजाचा भाग म्हणून तयार झालाच असता. आत काय चुकलं हे बहुधा त्याच अहवालात असतं, म्हणून तुमच्या वकिलाने तो सुरुवातीलाच मागावा.

माझे पैसे गेलेले नाहीत. फक्त भीती आहे. दावा टिकेल का?

इथे देशागणिक सर्वांत मोठा फरक पडतो.

युरोपीय न्यायालयाने मे २०२३ मध्ये, ऑस्ट्रियाच्या टपाल खात्याच्या प्रकरणात, ठरवलं की नुसत्या नियमभंगाने भरपाई मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. पण ते अमुक इतकं गंभीरच हवं, अशी अट घालता येणार नाही. माहितीच्या गैरवापराची साधार भीती हेही नुकसान ठरू शकतं, हे डिसेंबर २०२३ च्या बल्गेरियन प्रकरणात आलं. ‘साधार’ हे महत्त्वाचं: झोप उडाली असं लिहून भागत नाही, काय गेलं, कुणाच्या हाती पडू शकतं, त्यासाठी तुम्ही काय केलंत, हे सांगावं लागतं. ब्रिटनमध्येही मानसिक त्रासाची भरपाई कायद्याने मान्य आहे.

अमेरिकेत वाट अरुंद आहे. ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भविष्यात नुकसान होण्याचा नुसता धोका संघीय न्यायालयात भरपाई मागायला पुरेसा नाही. त्यामुळे माहिती डार्क वेबवर दिसली, तिचा गैरवापर झाला, सुरक्षेसाठी खर्च आणि वेळ गेला, असं ठोस काही दाखवावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करता दर व्यक्तीमागे मूळ १०० ते ७५० डॉलरची तरतूद आहे. ती सगळ्याच फर्मना लागू होत नाही.

भारतात सध्या कोणता मार्ग आहे?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ. संवेदनशील वैयक्तिक माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्याने नुकसान झालं तर त्याखाली भरपाई मागता येते. कलमातल्या व्याख्येत व्यावसायिक काम करणाऱ्या फर्मही येतात, म्हणून लॉ फर्म त्यातून सुटत नाही. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या निर्णय अधिकाऱ्यासमोर चालतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची सवलत ठेवली गेली. त्यात सुरक्षेतल्या कुचराईला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि प्रत्येक बाधिताला कळवण्याची सक्ती आहे, ही चांगली गोष्ट. पण दंड सरकारच्या संचित निधीत जातो, बाधिताला भरपाई देण्याची तरतूद नाही, आणि ती सवलत संपली की हाच कायदा ४३अ रद्दही करतो. ज्याची माहिती गेली त्याच्या हातातली एकमेव थेट वाट काढून घेणं ही या कायद्यातली मोठी उणीव आहे, असं मी स्पष्टपणे म्हणेन. ज्यांचा दावा ४३अ मध्ये बसतो त्यांनी वेळ दवडू नये.

ग्राहक मंचाचा दरवाजा बंद आहे: वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली राज्य बार काउन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते.

सामूहिक दाव्यात मी आपोआप असतो का? मिळतं किती?

अमेरिकेत सहसा असता, बाहेर पडायचं असेल तर तसं मुदतीत कळवावं लागतं. पण पैसे आपोआप मिळतीलच असं नाही. त्यासाठी बहुधा अर्ज भरावा लागतो, आणि इथेच बहुसंख्य लोक गळतात. ब्रिटनमध्ये लॉइड विरुद्ध गूगल या २०२१ च्या निकालानंतर न विचारता सगळ्यांच्या वतीने भरपाई मागण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. तिथे नाव नोंदवून सामील व्हावं लागतं.

रक्कम किती? ऑरिकने ८० लाख डॉलरला तडजोड केली. सगळ्या बाधितांत समान वाटली असती तर डोक्यामागे साडेबारा डॉलर आले असते, तेही वकिलांची फी वजा न करता. ज्यांच्याकडे खर्चाचा पुरावा असतो त्यांना अशा तडजोडींत बरंच जास्त मागता येतं. तुमचं नुकसान मोठं आणि वेगळ्या प्रकारचं असेल, तर तडजोडीत राहिल्याने स्वतंत्र दाव्याचा हक्क कायमचा सुटतो हे सही करण्याआधी समजून घ्या.

दाव्याची मुदत किती?

इंग्लंडमध्ये डेटा संरक्षणाच्या दाव्याला सहसा सहा वर्षं. कॅलिफोर्नियात वकिलाच्या कसुरीच्या दाव्याला, चूक कळल्यापासून, एकच वर्ष. इतका फरक असल्याने पत्र मिळालं ती तारीख लिहून ठेवा आणि सल्ला लवकर घ्या. नियामकाकडची तक्रार चालू आहे म्हणून न्यायालयातली मुदत थांबेल, असं गृहीत धरू नका.

माझा खटला चालू आहे. चोरलेली कागदपत्रं विरुद्ध पक्षाने वापरली तर?

आपल्या वकिलाला आजच सांगा. चोरीमुळे वकील-अशील गोपनीयता आपोआप संपत नाही आणि अशी कागदपत्रं पुराव्यात घेण्यास हरकत घेता येते. पण कागद एकदा जगजाहीर झाला की कायद्याचे हात तोकडे पडतात. ॲपलबी या फर्मकडून गेलेले दस्तऐवज ‘पॅराडाइज पेपर्स’ म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले आपले कागद करखात्याने वापरू नयेत म्हणून ग्लेनकोर कंपनी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (हेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेली, आणि २०१९ मध्ये हरली. गोपनीयतेचा विशेषाधिकार कागद देण्यापासून बचाव करतो, बाहेर पडलेला कागद परत मिळवून देत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणून घाई महत्त्वाची. एचडब्ल्यूएल एब्सवर्थ या ऑस्ट्रेलियन फर्मवर २०२३ मध्ये हल्ला झाला, तेव्हा तिने न्यू साउथ वेल्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून अनोळखी हल्लेखोरांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. चोर तो मानणार नाहीत, हे उघड आहे. पण असा हुकूम दाखवला की ती माहिती बाळगणाऱ्या वेबसाइट आणि ती उचलू पाहणारे इतर लोक मागे सरतात. फर्मने असा हुकूम मागितला आहे का, हे विचारा.

फर्मने खंडणी भरली आहे आणि माहिती नष्ट झाल्याचं सांगते. विश्वास ठेवावा का?

नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी लॉकबिट या खंडणीखोर हॅकर टोळीची यंत्रणा ताब्यात घेतली, तेव्हा खंडणी भरलेल्यांचीही माहिती तिथे तशीच सापडली.

चोरांनी मलाच थेट धमकी दिली तर?

उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, संदेश पुसू नका. पोलिसांना आणि फर्मला लेखी कळवा. अशी धमकी हा तुमच्या नुकसानीचा सर्वांत ठोस पुरावा असतो.

दाव्यासाठी दुसरा वकील नेमायचा, म्हणजे पुन्हा सगळी माहिती द्यायची. काय पाहावं?

पहिल्याच भेटीत विचारा: कागदपत्रं कुठे ठेवता, कोणाकोणाला दिसतात, दुहेरी पडताळणी आहे का, काम संपल्यावर किती दिवसांनी नष्ट करता, व्यावसायिक विमा आहे का. उत्तरं वकालतनाम्यासोबतच्या करारात किंवा निदान ईमेलवर घ्या. गरजेपुरतीच कागदपत्रं द्या आणि ओळखपत्राच्या प्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली ते व तारीख लिहा. जुन्या फर्मकडूनही आपली मूळ कागदपत्रं परत मागा. उरलेल्या प्रती मात्र दावा संपेपर्यंत नष्ट करायला सांगू नका. त्याच तुमचा पुरावा आहेत. त्या जपून ठेवाव्यात अशी लेखी सूचना तुमच्या नव्या वकिलाने पहिल्याच नोटिशीत द्यावी.